कोरियन मल्लविद्येंतील उड्डाणलत्ता : तिचा ग्रंथाधार व तिची उपयुक्तता

(१) कोरियन मल्लविद्या हा विषय ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस परका वाटेल, ही जाणीव ठेवूनच हें टिपण लिहीत आहें. माझी नात गेलीं चार वर्षें पुण्यांतील एका वर्गांत तायक्वांदो शिकते. गेल्या आषाढांत तिनें वर्गांतून मिळालेलें एक छापील पत्रक मला वाचावयास दिलें. त्यांत असें होतें कीं, हवेंत उडी घेऊन मारावयाची लाथ कोरियन योद्ध्यांनीं दोन हजार वर्षांपूर्वीं शोधून काढली; शत्रूच्या घोडेस्वारास खोगिरावरून खालीं पाडावें हा तिचा हेतु; सबब संकटसमयीं ती अमोघ होय. नातीनें विचारलें, “आजोबा, हें खरें का?” मुलगी संध्याकाळीं शिकवणी आटोपून एकटीच सायकलीवरून घरीं येते. तिचा प्रश्न इतिहासाचा होता, तसाच तो तिच्या जिवाचाहि होता. म्हणून आपण एखाद्या बखरींतील विधान ज्या कसोटीवर घांसून पाहतों, त्याच कसोटीवर हें विधान घांसावें असें मीं ठरविलें. मूळ ग्रंथांतील चित्रें व उपलब्ध भाषांतरें समोर ठेवून जें हातीं आलें, तें येथें क्रमानें मांडतों.

(२) प्रथम नांवाचा विचार. ‘तायक्वांदो’ हें नांव प्राचीन नाहीं. तें १९५५ सालीं एप्रिल महिन्याच्या ११ तारखेस मुक्रर झालें आणि तें सुचविण्याचें श्रेय जनरल छ्वे होंग-ही (१९१८–२००२) ह्यांस सामान्यतः देण्यांत येतें. नांवांत तीन चिनी अक्षरें आहेत. ‘क्वन’ म्हणजे मूठ, ‘दो’ म्हणजे मार्ग, आणि पहिलें ‘ते’. ह्या पहिल्या अक्षराचा अर्थ जनरलसाहेबांच्या परंपरेंतील पुस्तकांत उडी घेणें, उडणें, पायानें लाथाडणें वा चिरडणें असा दिलेला आढळतो. परंतु जुन्या चिनी वाङ्मयांत हें अक्षर तुडविणें ह्या अर्थाचें आहे. हान राजवंशाच्या इतिहासांत सैन्यांनीं परस्परांस पायदळीं तुडविलें अशा संदर्भांत तें येतें. तुडविणारा पाय भूमीवर पडतो. उडीचा अर्थ त्या अक्षरांत मुळांत दिसत नाहीं. हें दुर्मिळ अक्षर निवडण्याचें कारण असें सांगतात कीं, त्याचा उच्चार ‘तेक्क्यन’ ह्या जुन्या देशी खेळाच्या नांवाशीं जुळता होता. म्हणजे ध्वनि जुन्या खेळाचा, अक्षर चिनी, आणि उड्डाणाचा अर्थ अर्वाचीन, अशी ही त्रिवेणी आहे. शब्दाची व्युत्पत्ति मागाहून लावून वस्तूचें प्राचीनत्व सिद्ध करणें ही खोड आपल्याकडेहि अपरिचित नाहीं.

(३) प्राचीनत्वाचा दुसरा पुरावा म्हणून शिल्पाकडे बोट दाखविण्यांत येतें. क्योंगजूजवळील सोकगुराम ह्या बौद्ध गुंफामंदिराचें काम इसवी सन ७५१ च्या सुमारास सुरू झालें. त्याच्या द्वाराशीं दोन बलाढ्य रक्षक कोरलेले आहेत. एकाचा हात वर उगारलेला, मुठी वळलेल्या, स्नायु ताठलेले. त्यांस कोरियन भाषेंत ‘कुमगांग-योकसा’ म्हणतात. ‘कुमगांग’ म्हणजे वज्र व ‘योकसा’ म्हणजे बलवान् पुरुष. संस्कृतज्ञास ही आकृति ओळखावयास वेळ लागत नाहीं. बुद्धाच्या रक्षणार्थ उभा राहणारा आपला वज्रपाणीच तो, चीनमार्गें इतका दूर गेलेला. द्वारपालाचा हा संकेत धर्मशिल्पाचा आहे. त्यावरून त्या काळच्या आखाड्यांतील डाव सिद्ध होत नाहींत. आणि प्रस्तुत मुद्यापुरतें बोलावयाचें तर त्या दोघांचेहि पाय भूमीवर भक्कम रोवलेले आहेत.

(४) आतां खऱ्या ग्रंथांकडे वळूं. कोरियांत चोसन राजवंशाच्या अमदानींत युद्धकलेचे सचित्र ग्रंथ सरकारी आज्ञेनें तयार झाले. १५९२ ते १५९८ पर्यंत जपानी स्वाऱ्यांनीं तो देश उद्ध्वस्त केला. त्या प्रसंगीं मदतीस आलेल्या चिनी सेनेकडून कोरियन अधिकाऱ्यांनीं चिनी सेनापति छी जीग्वांग (१५२८–१५८८) ह्याची कवाईत शिकून घेतली. युद्ध संपलें त्याच वर्षीं, १५९८ सालीं, हान ग्यो ह्यानें ‘मुये-जेबो’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत सहा विद्या आहेत: दंड, ढाल, लांब भाला, त्रिशूळ, फांद्या ठेवलेल्या बांबूचा भाला व दोन हातांनीं धरावयाची तलवार. निःशस्त्र युद्धाचें प्रकरण त्यांत नाहीं. ज्यांच्या गांवीं प्रत्यक्ष आग लागली होती त्यांनीं ग्रंथांत काय घेतलें आणि काय वगळलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. मुष्टियुद्धास जागा मिळाली ती १६१० सालच्या पुरवणी ग्रंथांत.

१७५९ सालीं युवराज सादो ह्याच्या देखरेखीखालीं विद्यांची संख्या अठरा झाली. तो ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. पुढें त्याचा पुत्र राजा चोंगजो (कारकीर्द १७७६–१८००) ह्याच्या आज्ञेनें ई दोक-मू व पाक जे-गा हे दोन विद्वान् आणि पेक दोंग-सू हा लष्करी अधिकारी, ह्या तिघांनीं १७९० सालीं ‘मुये-दोबो-थोंगजी’ हा मोठा ग्रंथ पुरा केला. अठरा विद्यांत सहा अश्वारूढ विद्यांची भर पडून एकूण चोवीस झाल्या. चार खंड अभिजात चिनी भाषेंत असून एक खंड कोरियन लिपींत आहे, कारण सैनिकांस चिनी वाचतां येत नसे. प्रत्येक विद्येस हत्याराचें चित्र, पवित्र्यांचीं चित्रें, त्यांचें वर्णन व शेवटीं सर्व पवित्र्यांचा क्रम दाखविणारा एक तक्ता, अशी शिस्तशीर रचना आहे. २०१७ सालीं युनेस्कोनें ह्या ग्रंथाची जागतिक स्मृतिपटांत नोंद केली. साधन म्हणून ह्याची योग्यता प्रथम श्रेणीची आहे: तो तारखेचा आहे, सरकारी आहे, सचित्र आहे, आणि करणारांपैकीं एक जण स्वतः तरवारबहाद्दर होता.

(५) चवथ्या खंडाच्या आरंभीं ‘क्वनबोप’, म्हणजे मुष्टिविधि, हें प्रकरण येतें. उड्डाणलत्तेचा शोध येथेंच घ्यावयास हवा. तेथें लाथा आहेत. एका पवित्र्यांत डावा पाय उजव्या हातावर, उजवा डाव्या हातावर व पुनः डावा उजव्या हातावर आपटीत पुढें सरकण्याची कृति सांगितली आहे. शेवटीं दोघे समोरासमोर येऊन झुंजतात व एक दुसऱ्यास खांद्यावर घेऊन उलटवितो. घोडेस्वारास उडी मारून पाडण्याची कृति ह्या प्रकरणांत नाहीं. चित्र नाहीं आणि वर्णनहि नाहीं. घोडा ह्या ग्रंथकारांस अपरिचित होता असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण घोड्यावरून भाला, दुहेरी तलवार, चंद्राकृति पात्याचें शस्त्र व सांखळीचा दंड कसा चालवावा, घोड्यावरील चेंडूफळी कशी खेळावी, घोड्यावर कसरती कशा कराव्या, हें सारें त्यांनीं सविस्तर दिलें आहे. पायदळाच्या हातीं त्यांनीं वीस छोक, म्हणजे तेथील वीस फूट, लांबीचा बांबूचा भालाहि दिला आहे. ज्याच्या हातीं वीस फुटांचा भाला आहे त्यानें तो टाकून स्वारावर पायानें झेप घ्यावी, असें शिकविणारा उस्ताद कोणत्याहि देशांत विरळाच.

येथें एक शंका न्यायानें नोंदविली पाहिजे. चार फूट उंचीच्या तट्टावरील स्वाराची छाती भूमीपासून सुमारें साडेपांच फुटांवर येते. चपळ मनुष्यास धांवत येऊन तेथवर पाय पोंचविणें अशक्य नाहीं. एखाद्या प्रसंगीं कोणीं तसें केलेंहि असेल. परंतु शक्यता ही एक गोष्ट व पुरावा ही दुसरी. जो ग्रंथ चोवीस विद्या चित्रांसह नोंदवितो, त्याचें ह्या बाबतींतील मौन मला बोलकें वाटतें.

ह्याच प्रकरणाचा मूलाधार असलेल्या छी जीग्वांगच्या ग्रंथांत मुष्टिविधीच्या उपयोगाविषयीं त्या सेनापतीचें मत स्पष्ट आहे. ही विद्या मोठ्या रणांत कामाची दिसत नाहीं. पण ती हातापायांस चपळ करते, अंगास मेहनतीची संवय लावते आणि नवशिक्यास शस्त्रविद्येचें द्वार उघडून देते, असा त्याचा आशय आहे. तेथेंच चांगल्या मल्लाचीं लक्षणें सांगतांना पाय उंच झेपावणारे असावे असेंहि तो म्हणतो. म्हणजे पायाच्या उड्डाणाचा गौरव जुना आहे, आणि त्याच लेखणीनें त्याची मर्यादाहि लिहून ठेविली आहे.

(६) मग उड्डाणलत्तेचें खरें कूळ कोणतें? तें मला रणांगणाऐवजीं खेळाच्या अंगणांत सांपडलें. तेक्क्यन हा कोरियांतील पायांचा जुना खेळ. १७९८ सालच्या ‘जेमुल्बो’ ह्या कोशांत त्याचा उल्लेख आहे. यु सुक (१८२७–१८७३) ह्या चित्रकाराच्या नांवावर असलेल्या एका चित्रांत गोल बसलेल्या प्रेक्षकांमध्यें एक जोडी कुस्ती खेळते व दुसरी पायांचा हा खेळ खेळते. १८९५ सालीं स्ट्युअर्ट क्युलिन ह्या अमेरिकन पंडितानें कोरियन खेळांवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत खेळाची रीत थोडक्यांत दिली आहे: दोघांनीं समोरासमोर उभें राहावें, ठराविक तीन जागांवरच पाय ठेवावे, प्रतिपक्ष्याचा पाय लाथेनें उडवून त्यास पाडावें, उंच लाथ मारण्यास मोकळीक आहे, व ती हातांनीं धरतां येते.

ह्याहून महत्त्वाचा उल्लेख छ्वे योंग-न्यन ह्याच्या ‘हेदोंग-जुक्जी’ ह्या १९२५ सालीं छापलेल्या पद्यसंग्रहांत आहे. जुन्या चालीरीतींवरील पद्यांस त्यानें लहान लहान टिपणें जोडलीं आहेत. तेक्क्यनवरील टिपणाचा सारांश असा: खेळांत तीन प्रती असत, सर्वांत हलका गडी मांडीवर लाथ मारी, चांगला गडी खांद्यापर्यंत पोंचे, आणि ज्यास उडत्या पायाची विद्या साधली असे तो प्रतिपक्ष्याच्या डोक्यावरील केसांचा बुचडा पाडी. ह्या खेळानें कोणी सूड उगवीत, कोणी प्रिय स्त्रीवर पैज लावीत. म्हणून न्यायाधिकाऱ्यांनीं त्यास बंदी केली, आणि आतां तो खेळ राहिला नाहीं.

‘उडता पाय’ हा शब्द येथें स्पष्टपणें येतो, आणि तो सर्वश्रेष्ठ प्रतीच्या गड्यास लाविलेला आहे. माझ्या दृष्टीनें उड्डाणलत्तेच्या कुळीचा हा विश्वसनीय कागद होय. त्यांत ना घोडेस्वार आहे, ना दोन हजार वर्षें. दोन गडी आहेत, भोंवतीं पाहणारे लोक आहेत, ठरलेले नियम आहेत, आणि बक्षीस आहे तें डोक्यावरील बुचडा पाडल्याच्या वाहवेचें. सूड व पैज ह्यांचा उल्लेख पाहतां हा खेळ नेहमींच निरुपद्रवी नव्हता हें उघड आहे. तरी ती एकास एक अशी झुंज होती, रण नव्हे.

ह्या टिपणांतील शेवटचें वाक्य मात्र चुकीचें ठरलें. खेळ नाहींसा झाला असें ग्रंथकार लिहीत होता, तेव्हां सोलमध्यें सोंग दोक-गी (१८९३–१९८७) नांवाचा गृहस्थ हयात होता, व तरुणपणीं इम हो नांवाच्या गुरूकडून शिकलेला तेक्क्यन त्याच्या पायांत जिवंत होता. १९८३ सालीं कोरियन सरकारनें ह्या विद्येस संरक्षित सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा दिला आणि २०११ सालीं युनेस्कोच्या यादींत तिचा समावेश झाला. कागदानें मृत ठरविलेली विद्या एका वृद्धाच्या देहांत टिकून होती. आपण हस्तलिखितांच्या नादीं लागलेल्या मंडळींनीं हें उदाहरण जवळ बाळगावें.

(७) आजच्या तायक्वांदोंतील उड्डाणलत्ता मात्र ह्या एकाच मुळापासून वाढलेली नाहीं. १९१० ते १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या सत्तेखालीं होता. १९४४ सालीं सोलमध्यें ‘छोंगदोक्वान’ हा आखाडा काढणारे ई वन-गुक हे तोक्यो येथें कराटे शिकले होते. कराट्याच्या ‘कांकू-दाई’ ह्या जुन्या आवर्तनांतहि अखेरीस एका पायानंतर हवेंतच दुसरा पाय मारण्याची दुहेरी लाथ आहे. ह्या जपानी शिक्षणास देशी पायांच्या खेळाची आवड मिळाली, पुढें प्रात्यक्षिकें दाखविणाऱ्या पथकांनीं फळ्या व कौलें फोडून लोकांचे डोळे दिपविले, आणि उड्या उंच होत गेल्या. १९८८ सालीं सोल येथील ऑलिंपिकांत तायक्वांदो प्रात्यक्षिकरूपानें आला व २००० सालीं सिडनी येथें त्यास पदकें मिळूं लागलीं.

ह्या विद्येचे शिक्षणक्रम ठरविणारे लोक स्वतः उडीस किती मान देतात, तेंहि पाहण्याजोगें आहे. काळ्या पट्ट्यापूर्वीं ‘तेगुक’ नांवाचीं आठ आवर्तनें शिकवितात. त्यांपैकीं पहिल्या सातांत उडती लाथ नाहीं, ती आठव्यांत येते. टोक्यो येथील २०२१ सालच्या ऑलिंपिक सामन्यांत धडावरील लाथेस २ व डोक्यावरील लाथेस ३ गुण होते. अंग फिरवून मारल्यास तेच अनुक्रमें ४ व ५ होत. उडी मारली म्हणून वेगळा गुण नव्हता.

(८) आतां उपयुक्ततेचा प्रश्न. त्यास पदार्थविज्ञान उत्तर देतें. दीड फूट उंच उडालेला मनुष्य सुमारें ०.६ सेकंद अधांतरीं असतो. निम्मा काळ चढण्यांत, निम्मा उतरण्यांत. ह्या अवधींत त्याच्या देहाच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून गेलेला असतो. पाय भूमीवर असतां मनुष्य थांबूं शकतो, वळूं शकतो, मागें सरूं शकतो. हवेंत त्यास टेकावयास कांहीं नाहीं. अंगाची गिरकीहि भूमी सोडण्यापूर्वींच कमवून घ्यावी लागते. उलटपक्षीं, समोरच्या मनुष्यास दिसलेल्या गोष्टीवर हालचाल सुरू करण्यास सेकंदाचा चवथा वा पांचवा हिस्सा पुरतो, आणि उडीची सूचना गुडघे वांकतांच त्यास मिळालेली असते. एक पाऊल बाजूस झाला कीं उडणारा मोकळ्या जागेंत उतरतो, आणि तोहि बहुधा एका पायावर. रस्ता ओला असेल, खडी असेल, अंगांत साडी वा खांद्यास दप्तर असेल, तर पुढें काय होईल हें सांगावयास नको.

तरी लाभहि आहेत, व ते मनःपूर्वक सांगितले पाहिजेत. धांवत येऊन मारलेल्या लाथेंत केवळ पायाचें बळ नसून सर्व देहाचा भार वेगासह येतो. ती बसली तर समोरचा खचित कोलमडतो. मागें हटत जाणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचें अंतर ती एका झेपेंत तोडते. दुहेरी लाथेंत पहिला पाय हूल देतो व दुसरा काम करतो. सावध गडीहि त्यास फसतो. आखाड्यांत जेथें चटई आहे, पंच आहे, समोर एकच गडी आहे, तेथें ही विद्या शोभते व फळते. आणि मोठा लाभ अभ्यासाचा: ज्यास उडून, फिरून, नेमक्या जागीं पाय लावून पुनः तोल संभाळतां येतो, त्याची भूमीवरील साधी लाथ अधिक चपळ व अधिक भरंवशाची होते. छी जीग्वांगनें साडेचारशें वर्षांपूर्वीं मुष्टिविधीविषयीं जो निवाडा दिला, तोच उड्डाणलत्तेस तंतोतंत लागू पडतो.

(९) प्राचीन रणाचा खोटा आधार जोडल्यानें ह्या विद्येचें दुहेरी नुकसान होतें. कागद मागणारा मनुष्य तो न मिळाल्यानें सगळीच विद्या थोतांड मानूं लागतो, आणि कागद न मागणारें मूल ती रस्त्यावर वापरावयास जातें. खरें कूळ सांगितलें तर तिचा मान कमी होत नाहीं. नियमबद्ध खेळांत शंभर माणसांसमक्ष गड्याचा बुचडा अलगद पाडणें हें कौशल्य थोर आहे.

हें लिहितांना माझा स्वतःचा दोषहि आठवतो. आमच्या जिल्ह्यांतील एका गढीच्या तटावरून एका शिलेदारानें घोड्यासह उडी घेतल्याची कथा मीं वर्गांत तीस वर्षें इतिहास म्हणून सांगितली. मुलांचे डोळे चमकत, म्हणून मलाहि ती आवडे. सेवानिवृत्तीनंतर शोध केला, तेव्हां तिचा सर्वांत जुना आधार म्हणजे त्या काळानंतर सव्वाशें वर्षांनीं लिहिलेली एक बखर निघाली. त्या मुलांपैकीं कोणी तटावरून उडी घेतली नाहीं, हें माझें सुदैव. पत्रक लिहिणाऱ्यास दोष देण्याचा अधिकार मला म्हणूनच थोडा आहे.

नातीस मीं इतकेंच सांगितलें: वर्गांत ही लाथ मन लावून शीक, रस्त्यावर प्रसंग आला तर पाय भूमीवर ठेव, मोठ्यानें ओरड, वाट सांपडतांच नीघ, आणि मारावेंच लागलें तर खालीं गुडघ्यावर मार. हें टिपण तिच्या शिक्षकांनींहि वाचलें. ते म्हणाले, “गुरुजी, उडती लाथ शिकविण्यापूर्वीं आम्ही मुलांना पडावयास शिकवितों.” पुढील छपाईंत घोडेस्वाराचें वाक्य गाळण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे, आणि त्या जागीं काय लिहावें असें मला विचारलें आहे. तीन प्रतींच्या गड्यांची हकीकत लिहावी, असें मीं सुचविलें. जाणत्या वाचकांस ह्या विषयावरील अधिक जुना कागद ठाऊक असल्यास त्यांनीं तो प्रसिद्ध करावा, म्हणजे माझें चुकलें असेल तेथें दुरुस्ती करतां येईल.